गोल टेबलावरची पंगत

पुसद, वणी, दारव्हा किंवा खुद्द यवतमाळ शहरातली मुलं शिकून कंपनीत लागतात आणि कंपनी त्यांना शांघाय, शेंझेन किंवा ग्वांगझूला पाठवते. कुणी व्यापारासाठी यीवूच्या घाऊक बाजारात जातं, कुणी वैद्यकीय शिक्षणासाठी. मागोमाग बायको-मुलं जातात, सुट्टीत आई-बाबा जाऊन राहून येतात. घरातला स्वयंपाक तुरीच्या डाळीवर आणि गावाहून नेलेल्या तिखट-मसाल्यावर निभतो. मग एक दिवस कंपनीच्या वरिष्ठांकडून सहकुटुंब जेवणाचं आमंत्रण येतं, आणि ते टाळता येत नाही. चीनमध्ये ओळख आणि व्यवहार जेवणाच्या टेबलावर पक्के होतात. त्या मोठ्या गोल टेबलावर काळीभोर अंडी, कोंबडीचे पाय, जेलीफिशच्या पारदर्शक पट्ट्या आणि डोक्यासकट आलेला मासा पाहून घरच्यांच्या पोटात गोळा येतो.

हा गोळा चवीमुळे येत नाही, कारण चव अजून घेतलेलीच नसते. समोर काय आहे, ते कसं बनलं आणि आपण कसं वागायचं, हे ठाऊक नसल्यामुळे तो येतो. या तिन्ही गोष्टी शिकता येतात. त्यातल्या बऱ्याच तर यवतमाळच्या माणसाला आधीच येतात. पंगतीत वाढलेल्या माणसाला मानपान आणि आग्रह नव्याने शिकावा लागत नाही. आणि ज्याच्या शेतात सोयाबीन उभं आहे, त्याची चिनी जेवणाशी अर्धी ओळख झालेलीच असते.

गाडीवरचं चायनीज आपलं

आधी एक गैरसमज दूर करू. बसस्टँडजवळच्या गाडीवर मिळणारं मंचुरियन किंवा शेजवान राईस आवडतो म्हणून चिनी जेवणाची सवय झाली, असं होत नाही. ते जेवण भारतात जन्मलं. १८ व्या शतकाच्या अखेरीस टोंग आच्यू नावाचा चिनी व्यापारी कोलकात्याजवळ साखरेचा कारखाना काढून स्थायिक झाला. पुढच्या काळात येत गेलेल्या चिनी कुटुंबांपैकी हक्का समाजाने कोलकात्याच्या टांगरा भागात चामडं कमावण्याचे कारखाने आणि नंतर खानावळी काढल्या. इथल्या गिऱ्हाइकाच्या जिभेला हिरवी मिरची, लसूण आणि दाट रस्सा हवा होता, तो त्यांनी दिला. मुंबईत १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी चिकन मंचुरियन केलं, असं मानलं जातं. चीनच्या ईशान्येकडच्या मंचुरिया भागात हा पदार्थ कुणाला ठाऊक नाही. शेजवान चटणीही सिचुआन प्रांतात मिळत नाही.

हे जेवण खोटं नाही. ते भारतातल्या चिनी समाजाने घडवलेलं अस्सल भारतीय जेवण आहे. पण शांघायच्या मेजवानीत ते शोधू नये.

मानाची जागा आणि वाढपाचा क्रम

औपचारिक चिनी जेवण बहुधा हॉटेलातल्या स्वतंत्र खोलीत होतं. मधोमध आठ, दहा किंवा बारा जणांचं गोल टेबल आणि त्यावर फिरणारी काचेची तबकडी. टेबल गोल असलं तरी सगळ्या जागा सारख्या मानाच्या नसतात. दाराकडे तोंड असलेली जागा सर्वांत मानाची. बहुतेक ठिकाणी तिथे यजमान बसतो आणि प्रमुख पाहुणा त्याच्या उजव्या हाताला. दाराला पाठ असलेली जागा सर्वांत धाकट्याची किंवा बिल आणि वाढप पाहणाऱ्याची. प्रांताप्रमाणे रीत थोडी बदलते, म्हणून स्वतःहून खुर्ची ओढून बसू नये. यजमान जागा दाखवतो. लग्नात व्याह्यांना कुठे बसवायचं यावरून आपल्याकडे किती विचार होतो हे आठवलं, तर यात नवल वाटणार नाही.

खरा फरक पडतो तो वाढपाच्या क्रमात. आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, वरण-भात, पोळी आणि गोड, सगळं एकदम समोर असतं. किती खायचं याचा अंदाज ताट पाहताच येतो. चिनी मेजवानीत तसं नसतं. आधी सहा-आठ थंड पदार्थ छोट्या ताटल्यांतून येतात. मग एकामागून एक गरम पदार्थ, त्यातच सूप, शेवटाकडे अख्खा मासा. भात, नूडल्स किंवा वाफवलेले पाव सर्वांत शेवटी आणि त्यानंतर कापलेली फळं. पाहुणे दहा असले तर पदार्थ सहज बारा-पंधरा होतात. नवखं कुटुंब पहिल्या थंड पदार्थांवरच पोट भरून घेतं आणि यजमानाने ज्यासाठी खर्च केला ते पदार्थ येतात तेव्हा घासही जात नाही. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येक पदार्थाचा एखाद-दुसराच घास घ्यावा.

सुरुवातीलाच भात मागू नये, हेही यातच आलं. वरण-भाताने जेवणाची सुरुवात करणाऱ्याला हे जड जातं. पण मेजवानीत भात म्हणजे बाकीच्या पदार्थांनी पोट न भरलेल्यासाठी शेवटी ठेवलेली सोय. तो आधी मागितला तर आपले पदार्थ पाहुण्याला पुरले नाहीत किंवा रुचले नाहीत, असं यजमानाला वाटू शकतं.

आग्रह मात्र ओळखीचा आहे. यजमान स्वतः उठून उत्तम तुकडा तुमच्या ताटलीत ठेवतो, माशाचं तोंड प्रमुख पाहुण्याकडे वळवतो, ताटली रिकामी दिसली की पुन्हा वाढतो. आपल्याकडे पानात टाकणं हा अन्नाचा अपमान. तिथे पाहुण्याने सगळं फस्त केलं तर जेवण कमी पडलं असं समजण्याची जुनी रीत आहे, म्हणून मुद्दाम जास्त मागवलं जातं. ही रीत आता बदलते आहे. २०१३ मध्ये तिथे ‘ताट रिकामं करा’ ही मोहीम सुरू झाली आणि एप्रिल २०२१ मध्ये अन्नाची नासाडी रोखणारा कायदाच झाला. उरलेलं बांधून घरी नेण्यात तिथे कमीपणा मानत नाहीत. आपल्या ताटलीतलं संपवावं आणि टेबलावरचं उरलं तर जिवाला लावून घेऊ नये, हा दोन्हीकडचा मान राखणारा मार्ग.

मद्याचा प्रसंग येतोच. मेजवानीत छोट्या पेल्यांतून जे कडक मद्य फिरतं, ते बायच्यू बहुतांशी ज्वारीपासून गाळतात. ज्या धान्याची भाकरी आपण रोज थापतो, ते तिकडे मानाच्या पेल्यात येतं. त्यात मद्यार्काचं प्रमाण बऱ्याचदा ५० टक्क्यांच्या वर असतं. न पिणाऱ्याने सुरुवातीलाच हसतमुखाने सांगावं आणि चहाचा पेला उचलावा. त्याचा राग येत नाही. पेला दोन्ही हातांनी धरून वडीलधाऱ्याच्या पेल्यापेक्षा जरा खाली टेकवला की वाकून नमस्कार केल्यासारखं होतं. ग्वांगडाँग प्रांतात कुणी चहा ओतला तर दोन बोटांनी टेबलावर हलकंसं टकटक करून आभार मानतात. थंड पाणी मात्र सहज मिळत नाही. पाहुण्यापुढे गरम चहा नाहीतर गरम पाणीच येतं.

उष्ट्याचा प्रश्न

घरातल्या आजीला सर्वांत खटकते ती वेगळीच गोष्ट. मधल्या ताटातून सगळेजण घेतात आणि ज्या काड्या तोंडाला लागल्या, त्याच पुन्हा ताटात जातात. उष्टं न खाण्याचा आपला नियम इतका खोल मुरलेला आहे, की समोरचा पदार्थ कितीही चांगला असला तरी हात पुढे होत नाही.

गंमत म्हणजे या नियमाची फार जुनी लेखी नोंद एका चिनी माणसाने करून ठेवली आहे. भिक्षू ह्युएनत्सांग ७ व्या शतकात भारतात फिरला आणि इ.स. ६४१ च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रातही आला. भारतातले लोक जेवणाआधी हातपाय धुतात, उरलेलं अन्न पुन्हा वाढत नाहीत, जेवणाचं भांडं एकमेकांना देत नाहीत, मातीचं किंवा लाकडाचं भांडं वापरून झालं की टाकून देतात, असं त्याने लिहून ठेवलं. त्याला हे लिहावंसं वाटलं, कारण त्याच्या देशात रीत वेगळी होती. पळसाच्या पत्रावळीवर जेवून ती टाकून देणारे आपण आणि एका ताटातून मिळून खाणारे ते, हा फरक चौदाशे वर्षांपूर्वीच एका पाहुण्याच्या लक्षात आला होता.

चीनमध्ये एका ताटातून खाणं ही माया दाखवण्याची रीत आहे. तरी आरोग्याचा विचार तिथेही झाला. २००३ ची सार्सची साथ आणि २०२० ची कोरोनाची साथ, या दोन्ही वेळी वाढपासाठी वेगळ्या काड्या आणि चमचे वापरण्याचा मोठा प्रचार झाला. आज चांगल्या हॉटेलात प्रत्येक ताटात वाढपाचा चमचा असतो किंवा प्रत्येकासमोर काड्यांचे दोन रंगांचे जोड ठेवतात, एक वाढून घ्यायला, दुसरा खायला. तसं नसलं तर ‘कुंगख्वाय’ एवढा एक शब्द वेटरला म्हणावा. वाढपाच्या काड्या येतात आणि कुणाला काही वावगं वाटत नाही.

काड्यांबाबत एक नियम मोडू नये. भाताच्या वाटीत काड्या उभ्या खोचून ठेवू नयेत. मृतासाठी ठेवलेल्या भातात उदबत्त्या अशाच उभ्या लावतात, त्यामुळे जेवणाऱ्यांच्या मनात अशुभ येतं. पिंडदानाशी जोडलेल्या गोष्टी आपण शुभकार्यात टाळतो, तसंच हे. काड्या जमत नसतील तर चमचा मागण्यात कमीपणा नाही.

ताटात काय आहे

आता पदार्थांकडे येऊ. ज्यांना पाहूनच माणूस दचकतो, त्यातल्या बऱ्याच पदार्थांची कृती कळली की दचकणं कमी होतं.

काळी अंडी घ्या. इंग्रजी नावामुळे ती शंभर वर्षं जुनी असतात असा समज पसरला. प्रत्यक्षात बदकाची अंडी चुना, मीठ, राख आणि चहाच्या लेपात काही आठवडे ते काही महिने ठेवतात. क्षार कवचातून आत झिरपतो, पांढऱ्या भागातली प्रथिनं आपला आकार बदलतात आणि पांढऱ्याचा तपकिरी, पारदर्शक, घट्ट गर होतो. पिवळा भाग हिरवट काळा आणि मऊ पडतो. अंडं शिजतं, पण आगीवर नाही, क्षारात. नाकाला येणारा अमोनियाचा वास प्रथिनं फुटल्यामुळे येतो. आल्याचे काप आणि व्हिनेगर सोबत दिलेलं असतं ते हा क्षार मारण्यासाठी. पहिला घास आल्यासकट घ्यावा.

कोंबडीच्या पायात मांस नसतंच म्हटलं तरी चालेल. मग ते का खातात? चिनी जेवणात चवीइतकाच मान तोंडात लागणाऱ्या पोताला असतो. कुरकुरीत, लवचीक, बुळबुळीत, चिवट, यातला प्रत्येक पोत वेगळं सुख मानला जातो. जेलीफिश, कानाच्या आकाराची काळी अळंबी आणि कोंबडीचे पाय हे सगळे पोतासाठी खायचे पदार्थ आहेत. त्यांना स्वतःची चव जेमतेम असते. ती सॉस, लसूण आणि व्हिनेगरची असते. चव शोधणाऱ्याला हे पदार्थ फिके वाटतात आणि पोत शोधणाऱ्याला रंगतदार.

सिचुआन जेवणात जिभेला मुंग्या येतात. ती मिरची नव्हे. ‘ह्वाज्याव’ नावाची ती लालसर टरफलं आपल्या कोकणातल्या तिरफळाच्या कुळातली आहेत. दोन्ही झँथोझायलम या एकाच प्रजातीत मोडतात. २०१३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी मोजून दाखवलं, की या टरफलांमुळे ओठावर सेकंदाला सुमारे ५० कंपनं होत असल्यासारखी जाणीव होते. चव घेणाऱ्या नसांपेक्षा स्पर्श ओळखणाऱ्या नसा इथे जाग्या होतात. मिरची मात्र दोन्हीकडे पाहुणीच. अमेरिका खंडातून ती १६ व्या शतकात आपल्याकडे पोर्तुगीजांमार्फत आली, आणि चीनमधली तिची जुनी लेखी नोंद १५९१ ची आहे. वऱ्हाड आणि सिचुआन दोघांनीही तिला उशिरा घरात घेतलं आणि दोघांनीही आपलं म्हणून वाढवलं.

काही पदार्थ तर ओळखीचेच निघतात. बांबूचे कोवळे कोंब पूर्व विदर्भात वास्ते म्हणून पावसाळ्यात भाजीला येतात. कारलं, भोपळा, वांगं, कमळकाकडी, शेंगदाणे यांचे पदार्थ टेबलावर असतातच. मसाल्यातलं बादियान, म्हणजे चक्रीफूल, मुळात दक्षिण चीनच्या भागातलं. ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात केली की अनोळखी गोष्टीकडे जाणं सोपं होतं.

सोयाबीन, शेतातलं आणि ताटातलं

यवतमाळच्या कुटुंबाने या टेबलावर सर्वांत बारकाईने पाहावं ते सोयाबीन. हे पीक मूळचं चीनचं. आपल्याकडे त्याची मोठी लागवड मध्य प्रदेशात १९७० नंतर वाढली आणि नव्वदच्या दशकात विदर्भात पसरली. आज कापूस आणि तुरीच्या जोडीला ते आपल्या कास्तकाराचं मुख्य खरीप पीक आहे. जून-जुलैत पेरणी, ऑक्टोबरच्या आसपास सोंगणी, मग हडंब्यावर मळणी आणि पोत्यांतून थेट बाजार समितीत. भाव काय लागला यावर दिवाळी ठरते. २०२५-२६ साठी केंद्राने क्विंटलला ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर केला. एवढं सगळं होतं, पण दाण्यातला मूठभरही सहसा घरच्या चुलीवर येत नाही. तेल गाळणाऱ्या कारखान्यात जाऊन त्याचं तेल होतं आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते.

शांघायच्या टेबलावर तेच सोयाबीन निरनिराळ्या रूपांत भेटतं. थंड पदार्थांत हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून आलेल्या असतात. दातांनी दाणे सोलून खायच्या. सॉसच्या बाटलीत तेच आहे, गव्हासोबत बुरशी चढवून मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने आंबवलेलं. मऊ टोफू, तळलेला टोफू, टोफूच्या पातळ चादरी, आंबवून उग्र वासाचा केलेला टोफू, सकाळच्या न्याहारीतलं गरम सोयादूध, ही सगळी त्याचीच रूपं.

टोफू कसा होतो ते पाहण्यासारखं आहे. दाणे रात्रभर भिजवले की फुगून दुपटीहून मोठे होतात. ते पाण्यासोबत वाटून, गाळून, दूध चांगलं उकळतात. ही उकळी महत्त्वाची. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन हे पाचकद्रव्य अडवणारं एक प्रथिन असतं. उष्णतेने ते निकामी होतं. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं सोयाबीन खाऊन पोट बिघडतं ते यामुळेही. उकळलेल्या दुधात दक्षिण चीनमध्ये जिप्समचं पाणी घालतात, उत्तरेत मिठागरातल्या खारट पाण्याचा अर्क. क्षणभर काहीच होत नाही, मग दूध हळूहळू फाटून ढगासारखे गोळे वेगळे होतात. ते कापडात बांधून वजनाखाली दाबले की पनीरसारखी वडी पडते. एक किलो सोयाबीनपासून साधारण दीड ते दोन किलो टोफू निघतो. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं आणि २० टक्के तेल असतं. आपली कुठलीच डाळ प्रथिनांत त्याच्याजवळ जात नाही.

मग आपण ते का खात नाही? मोठं कारण वास. दाणा थंड पाण्यात वाटला, की लिपॉक्सिजिनेज नावाचं विकर तेलाशी क्रिया करून कच्चा, हिरवट वास सोडतं. दाणे उकळत्या पाण्यात काही मिनिटं टाकून मग गरम पाण्यातच वाटले, तर हे विकर मरतं आणि वास बराच कमी होतो. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने खाण्यासाठी खास वाण काढले आहेत. त्यातल्या ‘एनआरसी १२७’ मध्ये पचनाला अडवणारं ते प्रथिन जवळपास नाहीच. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत सोयादूध आणि टोफू करण्याचं प्रशिक्षण मिळतं. म्हणजे तंत्र आपल्या हाताशी आहे. कमी आहे ती सवय, आणि सवय चांगल्या जेवणातून लागते. मेजवानीत टोफूचा एक घास घेणाऱ्या कुटुंबाला आपल्याच शेतातल्या पिकाचं दुसरं आयुष्य दिसतं.

शाकाहारी पाहुण्याने काय करावं

वारकरी घरातल्या, माळ घातलेल्या आई-बाबांचं काय, हा प्रश्न येतोच. चीनमध्ये शाकाहार अपरिचित नाही. ६ व्या शतकात लियांग घराण्याच्या वू सम्राटाने बौद्ध भिक्षूंना मांसाहार सोडायला लावला, तेव्हापासून तिथल्या विहारांत शुद्ध शाकाहारी स्वयंपाक वाढला. या स्वयंपाकात कांदा, लसूण आणि त्यांच्या कुळातल्या वनस्पतीही वर्ज्य असतात. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घराला हे सांगितलं की आधार वाटतो. कित्येक श्रद्धाळू चिनी लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. आपली एकादशी-चतुर्थी त्यांना समजते. शांघायमध्ये ‘कुंगदलिन’ हे शाकाहारी उपाहारगृह १९२२ पासून चालू आहे.

अडचण बारीकसारीक गोष्टींत असते. भाजी परतायला डुकराची चरबी, सूपला कोंबडीचा अर्क, सॉसमध्ये कालवं, आणि मसालेदार मापो टोफूत चिमूटभर खिमा. ‘मांस नको’ म्हटलं तर मोठे तुकडे निघतात, एवढंच. म्हणून जेवणाच्या दोन-तीन दिवस आधी यजमानाला कळवावं, की आई-बाबा धर्मामुळे बौद्ध भिक्षूंसारखं शाकाहारी जेवतात. ‘धर्मामुळे’ आणि ‘भिक्षूंसारखं’ हे दोन शब्द सांगितले की पुढचं यजमान नीट पाहतो. टेबलावर बसल्यावर सांगितलं तर त्याची पंचाईत होते. त्याने मेनू आधीच ठरवलेला असतो.

मुलांच्या जिभेला वेळ द्या

लहान मुलं तोंड फिरवतात तेव्हा आई-वडिलांना ओशाळल्यासारखं होतं. पण दोन ते सहा या वयात नव्या अन्नाला नकार देणं हा शरीराचा बचाव आहे. चालू लागलेलं मूल काहीही तोंडात घालू शकतं, त्या वयात नव्याबद्दल संशय असणं त्याच्या जिवाला राखतं. बाळपणातल्या चवींची सुरुवात तर गर्भातच होते. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या जूली मेनेला यांनी २००१ मध्ये दाखवलं, की गरोदरपणी आईने नियमित गाजराचा रस घेतला तर तिच्या बाळाला पुढे गाजराची चव असलेलं अन्न अधिक रुचतं. वऱ्हाडातल्या आईचं मूल जन्माआधीच लसूण आणि तिखटाची तोंडओळख घेऊन येतं, तसं शांघायमधलं मूल आलं आणि सोया सॉसची.

नवी चव मुलांच्या अंगवळणी पडायला ती आठ-दहा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते, असं आहाराचे अभ्यासक सांगतात. सक्तीने नकार घट्ट होतो. आई-बाबांना आनंदाने खाताना पाहिलं की तो सैल पडतो. मेजवानीच्या आधी घरात सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा, टोफूची भाजी, वाफवलेले मोमो असे दोन-चार प्रकार अधूनमधून करून पाहावेत. मेजवानीच्या दिवशी मुलाला घरून थोडं खाऊ घालून न्यावं आणि टेबलावर त्याने एखादा घास घेतला तरी कौतुक करावं.

आधी गेलेली माणसं

या वाटेने आपली माणसं पूर्वीही गेली आहेत. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि आपल्या विदर्भातून, नागपूरहून, वयाने ज्येष्ठ डॉ. चोळकर होते. १ सप्टेंबर १९३८ ला ते मुंबईहून निघाले, ग्वांगझूला सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग यांनी त्यांचं स्वागत केलं आणि पुढच्या वर्षी पथक येनानला पोचलं. उत्तर चीनच्या डोंगराळ भागात तेव्हा सैनिकांचं मुख्य अन्न होतं राळा, आपल्याकडेही पिकणारं ते बारीक भरड धान्य. डॉ. चोळकर १९३९ मध्ये परतले. कोटणीस तिथेच राहिले, चिनी बोलायला-लिहायला शिकले, १९४१ मध्ये परिचारिका असलेल्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. ज्यांच्यावर उपचार केले त्यांच्याच पंक्तीला बसून, तेच अन्न खाऊन त्यांनी चार वर्षं काढली. चिनी लोक आजही त्यांना आपला माणूस मानतात, त्यात या एकत्र जेवणाचाही वाटा आहे.

आज शेंझेनला जाणाऱ्या कुटुंबासमोर युद्ध नाही, उपासमार नाही. समोर असतो एका यजमानाने मनापासून मांडलेला थाट. त्याच्या प्रत्येक पदार्थाबद्दल ‘हे कसं करता?’ एवढं विचारलं, तरी यजमानाचा चेहरा उजळतो आणि आपली भीड मोडते. सगळं खाल्लंच पाहिजे असं नाही. जे चालत नाही ते नम्रपणे नाकारावं. जे चालतं त्याचा एक घास तरी घ्यावा. मग आपली पाळी आली की त्याला घरी बोलवावं आणि त्याच्यापुढे वरण, तूप, वांग्याची भाजी आणि रोडगे ठेवावेत. कोणता पदार्थ आधी खायचा आणि रोडगा कसा फोडायचा, ते त्याच्या शेजारी बसून दाखवावं. त्यालाही आपल्या ताटाची तितकीच भीती वाटत असणार.

आणि सुट्टीत यवतमाळला आल्यावर, सप्टेंबरात शेतात सोयाबीनच्या शेंगा हिरव्या भरल्या असतील, तेव्हा फवारणी न झालेल्या कोपऱ्यातल्या टोपलीभर शेंगा आणून मिठाच्या पाण्यात चांगल्या वीस मिनिटं उकडाव्यात. हे पीक आपण वर्षानुवर्षं पिकवतो. ते खायला शिकणं कास्तकाराच्या घराच्या ताकदीचं आणि आरोग्याचं काम आहे, आणि ते शिकवायला चिनी मेजवानीहून चांगला गुरू मिळणार नाही.